पोर्टल व्हेनचा डॉपलर: मी कोनात फसलो

रेडिओलॉजीचं पहिलं वर्ष, मराठवाड्यातलं सरकारी रुग्णालय. सिरोसिसच्या (यकृत निबर होण्याचा आजार) एका मामांचा डॉपलर, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणारी सोनोग्राफी, मी केली आणि पोर्टल व्हेनमधला (आतड्यांकडून यकृतात रक्त नेणारी शीर) वेग लिहिला सेकंदाला २३ सेंटिमीटर. दुसऱ्या दिवशी मॅडमनी पुन्हा प्रोब (पोटावर फिरवायचं सोनोग्राफीचं उपकरण) लावला, तर १५. तोवर माझा रिपोर्ट वॉर्डात जाऊन ‘प्रवाह ठीक’ असं ठरलंही होतं. ते अजून सलतं.

चूक कोनाची. मशीन वेग थेट मोजत नाही. परत आलेल्या ध्वनीच्या फ्रिक्वेन्सीतला फरक मोजतं आणि त्याला कोनाच्या, म्हणजे ध्वनीचा झोत आणि शीर यांच्यातल्या कोनाच्या, कोसाइनने भागतं. हा कोन आपणच पडद्यावर कर्सर फिरवून लावतो. ६० अंशांचा कोसाइन ०.५०, ७० चा ०.३४. ३० च्या जागी ३५ लावलेत तर वेग पाच-सहा टक्के वाढतो. ६५ च्या जागी ७० लावलेत तर तोच २४ टक्के फुगतो. शीर ५५ अंशांत होती, मी कर्सर ६८ वर ठेवला. तो शिरेच्या भिंतीला समांतर आहे का, हे बघितलंच नाही. कोन ६० च्या वर दिसला तर आकडा लिहूच नका. बरगड्यांमधून बघा, रुग्णाला डाव्या कुशीवर वळवा. बाहेर कितीही रांग असू द्या.

मिनिटाला किती रक्त जातं, तो प्रवाह काढताना शिरेच्या व्यासाचा वर्ग होतो. सरासरी वेग १५ धरला, तर १२ मिलिमीटरला साधारण हजार मिली येतात, १३ ला बाराशे. म्हणून व्यास तीनदा मोजा. हात बसायला महिने लागतात, सगळ्यांनाच लागतात. धीर सोडू नका. फक्त ऑटो-ट्रेसचं (मशीनच आपोआप वेग काढतं ते) बटण दाबून आकडा उचलणाऱ्या सिनियरच्या मागे जाऊ नका. तुमच्या हातावर हात ठेवून प्रोब फिरवणारं माणूस शोधा.

यकृताचा रक्तप्रवाह मोजायची रंगद्रव्याची पद्धत तोंडी परीक्षेत हमखास येते. १९४५ मध्ये ब्रॅडली या संशोधकांनी ब्रोमसल्फॅलीन हा रंग आणि यकृतशिरेतली (यकृतातून रक्त बाहेर नेणारी शीर) नळी वापरून माणसात प्रवाह मोजला. पुढे इंडोसायनिन ग्रीन हा रंग आला. आजारी यकृत रंग नीट उचलत नाही, म्हणून यकृतशिरेतला नमुना न घेता नुसत्या क्लिअरन्सवरून (रक्तातून रंग किती वेगाने निघून जातो त्यावरून) काढलेला प्रवाह खरा नसतो, कमी दिसतो.

आणि उपाशीपोट. जेवणानंतर पोर्टलचा प्रवाह वाढतो. पहाटेच्या एसटीने आलेला माणूस चहा-बिस्किटाला खाणं म्हणत नाही. “काही खाल्लं का?” विचारलं की “नाही सायेब” म्हणतो. “मामा, चहा कुठं घेतला?” असं विचारा. घेतला असेल तर तपासणी दुसऱ्या सकाळी ठेवा, आणि गाव लांब असेल तर रात्री वॉर्डात झोपायची सोय करून द्या.