विमानातून रुग्ण आणताना घरी काय लिहायचं : मेडिकल असिस्टंट होऊ पाहणाऱ्यांसाठी

भरतीची तयारी करणारी मुलं आमच्या सोलापूरच्या होम मैदानावर भेटली की ठरलेलंच विचारतात. 1.6 किलोमीटर किती मिनिटांत काढावं लागतं, छाती किती फुगावी लागते, चष्मा चालतो का. ही उत्तरं जाहिरातीत असतात. मी 20 वर्षं हवाई दलात मेडिकल असिस्टंट होतो. त्यातली बरीच वर्षं आजारी आणि जखमी जवानांना हेलिकॉप्टरमधून, विमानातून खाली आणण्यात गेली. त्या नोकरीत मला सगळ्यात उशिरा जमलं ते घरी पत्र लिहिणं. कुठल्याही ट्रेनिंगमध्ये ते शिकवत नाहीत, म्हणून इथे त्याबद्दलच जास्त लिहितो.

आधी भरतीचं थोडक्यात. अलीकडे या ट्रेडची जाहिरात ‘ग्रुप वाय मेडिकल असिस्टंट’ नावाने येते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं, एकूण 50 टक्के आणि इंग्रजीत वेगळे 50 टक्के. आपल्याकडची मुलं बायोलॉजीत चांगली असतात आणि इंग्रजीत अडकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मुलींसाठी मिलिटरी नर्सिंगचा रस्ता आहे. पुण्याचं एएफएमसी (सैन्यदलांचं वैद्यकीय कॉलेज), मुंबईचं आयएनएचएस अश्विनी (नौदलाचं हॉस्पिटल) अशा ठिकाणी चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग होतं, त्याला आता ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा लागते. अटी बदलत राहतात, तेव्हा दरवर्षीची जाहिरात स्वतः वाचा, कुणाच्या सांगण्यावर राहू नका.

मी 2003 मध्ये लागलो. आधी बेळगावजवळच्या सांबऱ्याला सुरुवातीचं ट्रेनिंग, मग बेंगळुरूला ट्रेडचं शिक्षण. आमचं घर अशोक चौकाच्या मागे. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. मी लागलो तेव्हा घरात आनंद होता, पण माझ्या काकांनी एकच वाक्य टाकलं, “कोटणीस डॉक्टरपण असेच गेले होते.” सोलापुरात हे नाव घेतलं की पुढचं सांगावं लागत नाही. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथेच जखमींची सेवा करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या 32व्या वर्षी, तिथेच गेले. आई काही बोलली नाही, पण पीठ मळता मळता तिचा हात थांबला. तेव्हा मी तिला म्हणालो, “काही होत नाही गं, मी तर दवाखान्यात असणार.” हे वाक्य तुम्ही बोलू नका. ते पुढे सांभाळावं लागतं, आणि ते सांभाळण्यासाठी पत्रात खोटं लिहावं लागतं.

माझी पहिली मोठी पोस्टिंग लडाखची. लेहला विमानातून उतरलात की तुम्ही साडेदहा हजार फुटांवर असता. सोलापूर दीड हजार फुटांच्या आसपास. पहिले दोन दिवस नुसता आराम, मग थोडं चालणं, असे सहा दिवस शरीराला सवय लावायची. त्याहून वर जायचं तर टप्प्याटप्प्याने आणखी चार-चार दिवस. नवी मुलं दुसऱ्याच दिवशी पायऱ्या पळत चढायला बघतात. करू नका. मेडिकलचा माणूसच उंचीच्या आजाराने खाटेवर पडला तर वरून आलेल्या रुग्णाला कोण बघणार? ते आरामाचे दिवस पत्रासाठी सगळ्यात चांगले. तेव्हा डोकं शांत असतं आणि सांगायला नवं बरंच असतं.

मी मात्र पहिल्या वर्षी प्रत्येक पत्रात एकच लिहिलं. मी बरा आहे, जेवण चांगलं आहे, थंडी आहे, काळजी करू नका. वडिलांचं उत्तर आलं, “तुझी चार पत्रं समोर ठेवली. तारीख सोडली तर चारी सारखीच आहेत. तू काय करायलास ते आम्हाला कळेना.” ते मला लागलं, पण बरोबर होतं. बाहेरचं प्रीपेड सिम तिकडे चालत नसे आणि बूथवर रांग असे. घरच्यांसाठी पत्र हाच माझा आवाज होता, आणि तो मी दाबून टाकला होता.

मग ताईने एकदा शेंगाचटणीचं हवाबंद पाकीट पाठवलं. ते माझ्या हातात आलं तेव्हा फुगून टम्म झालेलं. मी ते हातात घेऊन बसलो आणि त्या दिवशी पहिल्यांदा खरं पत्र लिहिलं. लिहिलं की आई, वर हवेचा दाब कमी होतो, म्हणून आत कोंडलेली हवा पसरते. अठरा हजार फुटांवर दाब निम्मा होतो, तेव्हा तीच हवा दुप्पट जागा मागते. पाकिटाचं जे झालं तेच माणसाच्या शरीरात होतं. छातीत मार लागून फुप्फुसाबाहेर हवा साठली असेल, तर तो माणूस वर गेल्यावर गुदमरतो, म्हणून उडण्याआधीच डॉक्टर छातीत नळी घालून ती हवा काढतात. श्वासनलिकेत घातलेल्या नळीला छोटा फुगा असतो, त्यात हवेऐवजी सलाईनचं पाणी भरतात, कारण पाणी फुगत नाही. हे सगळं मी तपासून घेतो, हे माझं काम आहे.

त्या पत्रावर आईचं उत्तर ताईच्या अक्षरात आलं. दुपारी विड्या वळताना गल्लीतल्या बायका सूप मांडीवर घेऊन आमच्या ओसरीत बसतात, निम्म्या तेलुगू घरांतल्या. ताईने पत्र मोठ्याने वाचलं आणि सगळ्यांना पाकिटाची गोष्ट कळली. आईने विचारलं होतं, “मग तुझ्या पोटाचं काय होतं वर?” माझी आई चौथी शिकलेली. एअर-इव्हॅक्युएशनच्या, म्हणजे रुग्ण हवाई मार्गाने हलवण्याच्या, वर्गात पहिल्या दिवशी शिकवतात तो प्रश्न तिने एका पत्रावरून काढला. तेव्हापासून मी माझ्या हातांनी काय केलं ते लिहीत गेलो. हेलिकॉप्टरच्या आवाजात स्टेथोस्कोप निरुपयोगी असतो, म्हणून मी छाती वरखाली होताना बघतो, नाडीवर बोट ठेवतो, ओठांचा रंग बघतो. सलाईन दाबाने जावं म्हणून पिशवीभोवती पट्टा आवळतो. बर्फाने गोठलेली बोटं चोळायची नसतात. चीता हेलिकॉप्टर लहान, खूप उंचावर तर त्यात वजनाचा इतका हिशोब असतो की कधी कधी रुग्णासोबत दोन पायलटशिवाय कुणी मावत नाही. मग आम्ही खाली हेलिपॅडवर ऑक्सिजन तयार ठेवून वाट बघतो. वाट बघण्याबद्दलही लिहा. घरच्यांना ते चटकन कळतं, तेही तेच करत असतात.

आता माझी चूक सांगतो. एका रात्री वरच्या चौकीवरून फुप्फुसात पाणी झालेला जवान आला. अशा रुग्णाला लवकरात लवकर खाली नेणं आणि ऑक्सिजन, हाच खरा उपचार. तोंडाला गुलाबी फेस होता. आम्ही त्याला पुढच्या हॉस्पिटलला नेत होतो, माझा हात त्याच्या मनगटावर होता, आणि उतरायच्या आधीच नाडी लागेनाशी झाली. आम्ही छाती दाबत राहिलो. तो गेला. त्याच रात्री मी खोलीत येऊन पाच पानं लिहिली आणि सकाळी टाकली. सगळं होतं त्यात.

ते पत्रही ओसरीत मोठ्याने वाचलं गेलं. ताई मध्येच थांबली, आईने तिला पुढे वाचायला लावलं. आईने दोन दिवस विडीला हात लावला नाही, जेवली नाही. दोन हजार विड्यांची मजुरी गेली, पण त्याचं कुणी काही बोललं नाही. वडिलांनी पोस्टकार्ड लिहिलं. “असं लिहू नको म्हणणार नाही. पण पहिल्या ओळीत तू कसा आहेस ते लिही. तुझी आई शेवटच्या पानापर्यंत तुलाच शोधत होती.” वीस वर्षांत मला कुणी याच्याहून उपयोगी शिकवलं नाही. पहिली ओळ स्वतःची. जेवलो का, झोपलो का, अंग कसं आहे. त्यानंतर काय लिहायचं ते. आणि तसली रात्र असेल तर रात्रीच लिहा, पण टाकू नका. दोन दिवस उशाला ठेवा, मग वाचा. मी बहुतेक वेळा निम्मं पत्र फाडून नव्याने लिहिलं. फाडलेली पानंही उपयोगी पडली, ती लिहिल्यामुळे मला झोप लागली. मन फारच जड असेल तर युनिटच्या डॉक्टरांशी बोला. ते काम पत्रावर टाकू नका आणि आईवर तर नकोच.

काय लिहायचं नाही ते पक्कं ठेवा. चौकीचं नाव, विमानाचा नंबर, उड्डाणाची वेळ, किती रुग्ण आले, पुढे कुठे जाणार, काहीही नाही. आपला पत्ता ‘द्वारा 56 एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस) एवढाच असतो आणि त्यामागे कारण आहे. रुग्णाचं नाव, गाव, रेजिमेंट कधीच नाही. मी त्या जवानाचं गाव लिहिलं होतं. ते गाव आपल्याच जिल्ह्यातलं असतं तर त्याच्या घरी युनिटची खबर पोचायच्या आधी आमच्या ओसरीतून पोचली असती. हा विचार आला तेव्हा माझ्या अंगाला घाम फुटला. आज मुलांच्या हातात फोन आहे, फोटो एका सेकंदात जातो. नियम तोच आहे, फक्त चूक आता लवकर पोचते.

तारीख मोठ्या अक्षरात घाला आणि पत्राला नंबर द्या. हे मी ऑगस्ट 2010 मध्ये शिकलो. 5 तारखेच्या रात्री लेहला ढगफुटी झाली, चिखलाचा लोंढा वस्तीतून गेला, टेलिफोन बंद पडले. आम्ही दिवसरात्र कामात होतो. सोलापुरात आई टीव्हीसमोर बसून होती. मधल्या दिवसांत माझं एक पत्र घरी पोचलं. त्यात ‘सध्या काम कमी आहे, ऊन छान पडतंय’ असं होतं. आईला वाटलं पुरानंतरचं आहे, तिने गल्लीत साखर वाटली. वडिलांनी शिक्का बघितला तेव्हा पत्र जुलैचं निघालं. त्यानंतरचे चार दिवस तिने कसे काढले ते तिने मला आजही नीट सांगितलेलं नाही. त्यानंतर मी प्रत्येक पत्रावर तारीख, वार आणि नंबर घातला. मध्ये 61 आलं नाही आणि 62 आलं, तर घरी कळायचं की एक वाटेत आहे.

किरकोळ पण कामाचं: बॉलपेन थंडीत चालत नाही, शाई घट्ट होते. पेन्सिल ठेवा.

आणि हे घरच्यांना वाचून दाखवा. घरच्यांनो, तुमची पत्रं तिकडे औषधासारखी वाट बघून घेतली जातात, पण ‘तू काळजी घे’ एवढंच लिहू नका. आमच्या घरून येणाऱ्या पत्रात सगळं असायचं. गड्ड्याच्या यात्रेत यंदा नंदीध्वज कुठल्या रस्त्याने आले, वडिलांच्या मागावर कुठला टॉवेल चालू आहे, कारखान्याने पानं खराब दिली म्हणून बायकांनी कसा आवाज केला, शेजारच्या पद्माच्या मुलीला सिव्हिलला नर्सिंगला प्रवेश मिळाला. माझ्या बराकीत बार्शीचा एक आणि विजापूरचा एक होता, त्यांनाही मी वाचून दाखवायचो. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, आणि आई प्रत्येक पत्राच्या शेवटी ते लिहायची. थॉईसला, लडाखमधल्या हवाई दलाच्या तळावर, रात्री ड्यूटीवर बसलेलो असताना मला माहीत असायचं की आज घरी पाणी आलं असणार, ताईने पहाटे तीनला उठून पिंप भरला असणार.