ब्रिटनमध्ये आयव्हीएफ करताना: 'एशियन' रकान्यातले आकडे आणि पहिल्या भेटीची तयारी

ब्रिटनमधल्या फर्टिलिटी क्लिनिकांवर देखरेख ठेवणारी एचएफईए ही संस्था आयव्हीएफच्या (शरीराबाहेर भ्रूण तयार करून गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराच्या) यशाचे आकडे वांशिक गटांनुसारही प्रसिद्ध करते. 2020-21 मध्ये 18 ते 37 वयोगटात, गर्भाशयात सोडलेल्या दर भ्रूणामागे बाळ होण्याचं प्रमाण गोऱ्या स्त्रियांत 32 टक्के, एशियन स्त्रियांत 24 आणि कृष्णवर्णीय स्त्रियांत 23 टक्के होतं. हा 24 तुमचा आकडा नव्हे. त्यात कोण किती उशिरा आलं, कुणाच्या गर्भनलिका बंद होत्या, हे सगळं मिसळलेलं असतं. शिवाय ब्रिटनमध्ये एशियन म्हणजे मुख्यतः भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी. अमेरिकेत त्याच शब्दात चिनी-कोरियन वगैरेंचा वाटा बराच मोठा असतो. त्यामुळे दोन देशांचे आकडे शेजारी ठेवू नका.

वयाच्या बाबतीत मात्र सावध राहा. भारतीय आणि स्पॅनिश स्त्रियांची तुलना करणाऱ्या 2014 च्या अभ्यासात भारतीय स्त्रियांचा बीजसाठा (अंडाशयात उरलेली बीजं) सुमारे सहा वर्षं आधी घटलेला दिसला. भारतात पाळीही सरासरी 46-47 ला थांबते, पाश्चात्त्य देशांत 51 च्या आसपास. म्हणून 'अजून तिशीच तर आहे' यावर विसंबू नका, एएमएच (बीजसाठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) करून घ्या. पाळीच्या कुठल्याही दिवशी चालते.

रिपोर्ट वाचताना एकक बघा. भारतात एएमएच बहुधा नॅनोग्राम प्रति मिलीलीटरमध्ये येतं, ब्रिटनमध्ये पिकोमोल प्रति लीटरमध्ये. नॅनोग्रामच्या आकड्याला 7.14 ने गुणायचं: पुण्याचा 1.1 म्हणजे तिथला 7.9. उलटी चूक जास्त महागात पडते. तिथला 6 हा आकडा फोनवर इकडच्या ओळखीच्या डॉक्टरांना नुसता सांगितला तर 'भरपूर आहे की' असं उत्तर मिळेल. प्रत्यक्षात तो 0.84 आहे, म्हणजे कमी. आकड्यासोबत एककही सांगा, शक्यतो रिपोर्टचा फोटोच पाठवा.

दुसरी गोष्ट टीबीची. गर्भनलिका आणि गर्भाशयाचं अस्तर यांचा टीबी भारतात वंध्यत्वाचं नेहमीचं कारण आहे. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या तो चटकन डोक्यात येईलच असं नाही. लहानपणी टीबीच्या गोळ्या घेतल्या असतील, घरात कुणाला टीबी झाला असेल किंवा पाळीचा रक्तस्राव पूर्वीपेक्षा फारच कमी झाला असेल, तर न विचारता सांगा. नळ्यांचा एक्स-रे (एचएसजी) पाळी थांबल्यावर, बीज सुटण्याआधी होतो. नळीत पाणी साठलेलं दिसलं (हायड्रोसाल्पिंक्स) तर आयव्हीएफचं यश जवळपास निम्म्यावर येतं, म्हणून भ्रूण सोडण्याआधी ती नळी काढणं किंवा क्लिप लावणं याबद्दल विचारा. मात्र अस्तराच्या नमुन्याची नुसती पीसीआर (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच औषधं सुरू करू नका. कल्चर, बायोप्सी आणि दुर्बिणीतून दिसलेलं यांच्याशी ती जुळवावी लागते.

वजनाचं थोडक्यात: दक्षिण आशियाई लोकांत बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 23 पासून मधुमेहासारख्या आजारांची जोखीम वाढते, 27.5 पासून जास्त. एनएचएसच्या (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या) आयव्हीएफसाठी बहुतेक ठिकाणी मर्यादा 30 ची, त्यामुळे 28 वर सहसा कुणी अडवत नाही. पीसीओएस (अंडाशयाचा, पाळी अनियमित करणारा विकार) असेल तर एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) मात्र मागून घ्या. थॅलेसेमियासाठी (आई-वडिलांकडून मुलात येणारा रक्ताचा आजार) दोघांचीही तपासणी एकदाच, सुरुवातीलाच.

जीपीकडे (ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरकडे) कधी जायचं? वर्षभर प्रयत्न करून, आणि स्त्री 36 किंवा त्याहून मोठी असेल वा कारण माहीत असेल तर त्याआधीच. 2013 च्या नाइस (उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी ब्रिटिश संस्था) मार्गदर्शनात चाळिशीच्या आत आयव्हीएफच्या तीन सायकली, म्हणजे फेऱ्या, आणि 40 ते 42 वयात एक सुचवली आहे; इंग्लंडमध्ये किती द्यायच्या हे स्थानिक आयसीबी (एनएचएसचं त्या भागाचं मंडळ) ठरवते आणि बऱ्याच ठिकाणी एकच मिळते. दोघांपैकी कुणाला आधीचं मूल असेल तर अनेक ठिकाणी तीही नाही. म्हणून पहिल्याच भेटीत तुमच्या पोस्टकोडचा नियम लेखी मागा, आणि रेफरलची तारीखही.

दात्रीचं बीज लागेल असं वाटत असेल तर भारतीय वंशाच्या दात्रींची प्रतीक्षा किती, हेही तेव्हाच विचारा. त्या कमी आहेत. भारतात येऊन करायचं ठरवलं तर 2021 च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्यानुसार दात्री 23 ते 35 वर्षांची हवी, ती आयुष्यात एकदाच बीज देऊ शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं घेता येत नाहीत. ब्रिटनमध्ये 2005 पासूनच्या नियमानुसार मूल 18 वर्षांचं झाल्यावर दात्रीची ओळख मागू शकतं. भारतात दात्री अनामिकच राहते, आणि ते नंतर बदलता येत नाही.