नवी वीजजोडणी घेताना ग्रीडचा अभ्यास: या चुका टाळा

नागपुरात नव्या कारखान्याच्या जोडणीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "कोराडी उशाशी आहे, ग्रीडची काय काळजी?" कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत, खापरखेडाही लगतच आहे, हे खरं. पण तुमचा कारखाना कोराडीच्या बसबारवर, म्हणजे केंद्रातली सगळी वीज जिथे एकत्र येते त्या पट्टीवर, बसत नाही. तो बसतो बुटीबोरी, हिंगणा किंवा कळमेश्वरकडच्या एखाद्या ३३ केव्ही फीडरच्या, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या वीजवाहिनीच्या, टोकाला. मधले ट्रान्सफॉर्मर आणि तारा त्या ताकदीतली बरीचशी खाऊन टाकतात. ग्रीड भक्कम आहे की नाही, हे तुमच्या जोडणीच्या जागेवरच ठरतं, आणि ते सांगणारा आकडा म्हणजे तिथली फॉल्ट लेव्हल: शॉर्टसर्किट झालं तर ग्रीड तिथे किती ताकद ओतू शकेल, ते एमव्हीएमध्ये.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. अर्जावर वीज कंपनीकडून फॉल्ट लेव्हलचा एकच आकडा येतो आणि सगळा अभ्यास त्यावर उरकला जातो. तो आकडा बहुतेक वेळा कमाल असतो. बिघाडात प्रवाह तोडणाऱ्या ब्रेकरची क्षमता तपासायला कमालच लागतो. पण मोटर सुरू होताना व्होल्टेज किती खाली बसेल, हार्मोनिक (५० हर्ट्झच्या पटीतले नको असलेले प्रवाह) कुठे वाढतील, हे पाहायला किमान आकडा हवा: एक लाईन बंद, जवळचा एखादा संच दुरुस्तीत, अशा दिवसाचा.

बुटीबोरीतल्या एका कारखान्याचं उदाहरण घ्या. जोडणीच्या अहवालात ३३ केव्हीला फॉल्ट लेव्हल ५०० एमव्हीए धरली होती. आत ५ एमव्हीएचा, ७ टक्के इम्पिडन्सचा (अंतर्गत अडथळ्याचा) ट्रान्सफॉर्मर. म्हणजे ११ केव्ही बाजूला साधारण ६२ एमव्हीए उरतात. पावसाळ्याआधीच्या देखभालीसाठी सबस्टेशनला येणारी एक लाईन बंद झाली, ३३ केव्हीला २५० राहिले आणि आत ५५. फरक किरकोळ वाटतो. पण त्याच आठवड्यात देखभाल पाहणाऱ्या दादांचा सकाळीच फोन आला, "साहेब, रात्री परत तीन फ्यूज गेले." जाऊन पाहिलं तर पॉवर फॅक्टर सुधारायला लावलेल्या कपॅसिटर बँकेतले दोन डबे फुगलेले, पॅनेलमधून सतत घूं असा आवाज.

बँक होती २.२ एमव्हीएआरची. ग्रीड आणि बँक मिळून कोणत्या हार्मोनिकला घुमतात (रेझोनन्स), ते काढायला फॉल्ट लेव्हलला बँकेच्या आकाराने भागा आणि वर्गमूळ काढा: ५५ भागिले २.२ म्हणजे २५, वर्गमूळ ५. रेझोनन्स बरोबर पाचव्या हार्मोनिकवर येऊन बसला होता, आणि कारखान्यातले सहा पल्सचे ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारी उपकरणं) सगळ्यात जास्त पाचवा हार्मोनिकच सोडतात. अहवालातल्या आकड्याने उत्तर ५.३ येत होतं. तेही काठावरचंच, पण रोज निभावून जात होतं. एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएच बिलिंग (पॉवर फॅक्टर खराब तर बिल जास्त) लागू झालं, तेव्हापासून पॉवर फॅक्टरसाठी कपॅसिटर वाढवण्याची घाई मी फार पाहतो. बँक घ्या, पण सोबत ७ टक्क्यांचा डीट्यून्ड रिअॅक्टर, म्हणजे कपॅसिटरला जोडायची कॉइल, घ्या. त्याने बँकेचं स्वतःचं ट्यूनिंग १८९ हर्ट्झवर, म्हणजे पाचव्याच्या खाली येतं. फ्यूज वारंवार जात असतील तर आणखी मोठा फ्यूज टाकू नका. आधी सात दिवस पॉवर क्वालिटी अॅनालायझर लावा आणि त्या काळात कोणती लाईन बंद होती ते सबस्टेशनला विचारा.

मोटरचंही तसंच. १००० किलोवॅटची मोटर थेट सुरू केली तर ती साधारण ७ एमव्हीए ओढते. लाईन बंद असतानाही ३३ केव्हीवर व्होल्टेज जेमतेम अडीच-तीन टक्के बसतं, म्हणून वीज कंपनीकडून जोडणीला हरकत येत नाही. आत ११ केव्हीवर मात्र ते ११ टक्क्यांपर्यंत खाली जातं. परवानगी मिळाली म्हणजे आतलं सगळं तपासलं गेलं, असं समजू नका. ते काम तुमच्याच सल्लागाराचं आहे.

दुसरी चूक ऋतूची. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, घरोघरी रात्रभर कूलर चालतात. उन्हाने तापलेल्या तारांची वहनक्षमता त्याच दिवसांत कमी झालेली असते. शिवाय व्होल्टेज बसलं की कूलरच्या या छोट्या मोटरी मंदावतात, काही जागीच अडकतात आणि उलट जास्त रिअॅक्टिव्ह करंट (काम न करता व्होल्टेज खाली ओढणारा) ओढू लागतात, त्यामुळे व्होल्टेज सावरायला वेळ लागतो. अभ्यासाच्या संगणकी मॉडेलमध्ये सगळा भार हीटरसारखा धरला तर हे दिसतच नाही आणि निकाल खोटा गोड येतो. हिवाळ्यातल्या मोजणीवर मेचा निर्णय घेऊ नका.

सौर प्रकल्पाला नेमका उलटा दिवस तपासावा लागतो. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागांचे पंप दिवसा चालतात, तोवर ११ केव्हीला जोडलेली सौरवीज तिथेच खपते. सप्टेंबरात दोन दिवस झड लागून तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं की पंप बंद, सौर पूर्ण. वीज उलटी सबस्टेशनकडे वाहते, फीडरच्या टोकाचं व्होल्टेज चढतं आणि सौरवीज ग्रीडला देणारे इन्व्हर्टर भर दुपारी सुटतात, म्हणजे आपोआप बंद पडतात. लोक इन्व्हर्टरला दोष देतात. आधी ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची खाच) आणि इन्व्हर्टरची पॉवर फॅक्टर सेटिंग पाहा. व्होल्टेज क्षणभर खचल्यावर इन्व्हर्टर तग धरतो का, हेही तपासा. त्यासाठी निर्मात्याकडून त्या मॉडेलची खरी फाइल मागा, सॉफ्टवेअरमधलं तयार मॉडेल चालणार नाही.

जुन्या रिलेंची, म्हणजे बिघाड ओळखून लाईन बंद करणाऱ्या उपकरणांची, सेटिंग तशीच ठेवणं ही तिसरी चूक. ३० जुलै २०१२ ला पहाटे उत्तर भारताचं ग्रीड कोसळलं, तेव्हा ४०० केव्हीची बीना-ग्वाल्हेर लाईन आधी सुटली होती. लाईनवर बिघाड नव्हता. शेजारच्या लाईन कामासाठी बंद असल्याने तिच्यावर भार इतका चढला आणि व्होल्टेज इतकं खाली आलं की रिलेला तो बिघाडच वाटला. नवा भार येतो तेव्हा त्या वाटेवरच्या प्रत्येक डिस्टन्स रिलेची पोहोच (किती लांबवरचा बिघाड तो पाहतो) पुन्हा तपासावी लागते, तीही एक लाईन बंद धरून.

अर्ज करताना पत्रात वीज कंपनीकडे चार गोष्टी लेखी मागा: कमाल फॉल्ट लेव्हल, किमान फॉल्ट लेव्हल, किमान आकडा कोणती लाईन बंद धरून काढला, आणि पुढच्या दोन वर्षांत त्या फीडरवर आणखी कोण जोडलं जाणार आहे. जोडणी झाल्यावर मोजणीचा रेकॉर्डर काढून ठेवू नका, एक मे आणि एक सप्टेंबर तरी तो लावलेला राहू द्या.