लिंक्डइनची फीड आपल्या कामाची कशी करावी

२०२२ साली विजेवर चालणाऱ्या दुचाकींना आगी लागण्याच्या घटना घडल्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेविषयीच्या एआयएस-१५६ या मानकात सुधारणा केल्या आणि १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत त्यांची अंमलबजावणी ठरवली. वाहनांच्या सुट्या भागांच्या व्यवसायात असूनही मला ही गोष्ट कळली ती एका पुरवठादाराच्या फोनवरून. लिंक्डइनवर मात्र त्या आठवड्यात पदोन्नतीच्या घोषणा, प्रमाणपत्रांची छायाचित्रे आणि अपयशातून शिकलेल्या पाच धड्यांच्या कहाण्या यांखेरीज काही दिसले नव्हते. त्यानंतर फीडची, म्हणजे लिंक्डइन उघडताच समोर येणाऱ्या पोस्टच्या रांगेची, जी साफसफाई केली, तिची ही पद्धत आहे.

सुरुवात कागदावर करावी. पुढील सहा महिन्यांत आपल्या कामाला कोणती माहिती लागणार आहे, याचे तीन-चार नेमके प्रश्न लिहून काढावेत. ‘तंत्रज्ञान’ असा ढोबळ विषय उपयोगाचा नाही. ‘बॅटरी पॅकच्या चाचणीचे नियम कधी आणि कसे बदलत आहेत’ असा प्रश्न हवा, कारण पुढे कोणाला ठेवायचे आणि कोणाला वगळायचे हे त्याच कसोटीवर ठरवायचे आहे.

त्यानंतर ‘माय नेटवर्क’मध्ये जाऊन आपण फॉलो करत असलेल्यांची यादी उघडावी. ती पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटते, कारण त्यातली निम्मी नावे आपण जाणीवपूर्वक निवडलेलीच नसतात. कोणाशी कनेक्शन जोडले की त्या व्यक्तीला फॉलो करणे आपोआप सुरू होते आणि लिंक्डइनवरूनच नोकरीचा अर्ज करताना त्या कंपनीला फॉलो करण्याच्या चौकटीत बहुधा आधीच टिकची खूण असते. त्यामुळे चार वर्षांपूर्वी जिथे अर्ज केला आणि साधे उत्तरही आले नाही, त्या कंपनीच्या वार्षिक स्नेहसंमेलनाची छायाचित्रे आपण अजून पाहत असतो.

इथे आपल्याकडच्या माणसांचा हात अडखळतो तो संकोचापायी. जुने साहेब, महाविद्यालयातले सर, मेहुण्यांचे मित्र यांना अनफॉलो कसे करावे, असे वाटते. परंतु अनफॉलो करणे आणि कनेक्शन तोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: अनफॉलो केल्यावर कनेक्शन कायम राहते, निरोपांची देवाणघेवाण चालू राहते आणि समोरच्याला त्याची कोणतीही सूचना जात नाही. सरांविषयीचा आदर त्यांच्या रोजच्या सुविचाराखाली हात जोडूनच दाखवला पाहिजे असे नाही, आणि हे मी शिक्षकाचा मुलगा असून म्हणतो.

हा हात जोडण्याचा मुद्दा दिसतो त्याहून महत्त्वाचा आहे. कोणत्या पोस्ट वर आणायच्या हे ठरवताना आपण कशाला प्रतिक्रिया दिली, कुठे टिप्पणी केली आणि कोणत्या पोस्टवर किती वेळ रेंगाळलो, या सर्वांचा विचार केला जातो. भिडेखातर दिवसातून दहा ठिकाणी ‘अभिनंदन’ लिहिणाऱ्याला अभिनंदनाच्याच पोस्ट मिळत राहणार. शिवाय आपली प्रतिक्रिया आपल्या कनेक्शन्सनाही दिसू शकते, म्हणजे आपण त्यांच्याही फीडमध्ये भर घालत असतो. म्हणून अभिनंदन वैयक्तिक निरोपातून किंवा सरळ फोन करून करावे. नको असलेली पोस्ट समोर आली, तर चडफडत पुढे सरकण्याऐवजी तिच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर जाऊन त्या प्रकारच्या मजकुरात रस नसल्याचे कळवावे. हे दोन-तीन आठवडे चिकाटीने करावे लागते.

फॉलो करायच्या यादीत नवी नावे घालताना हात आखडता ठेवावा. आमच्या क्षेत्रात पुण्याची एआरएआय ही चाचणी व संशोधन संस्था आणि भारतीय मानक ब्यूरो यांची पाने आवश्यकच आहेत. पण खरा उपयोग होतो तो चाचणी, प्रमाणीकरण आणि दर्जा-नियंत्रण प्रत्यक्ष करणाऱ्या माणसांचा. एखाद्याला फॉलो करण्यापूर्वी त्याच्या शेवटच्या दहा पोस्ट वाचाव्यात आणि त्यांपैकी तीनही आपल्या कागदावरच्या प्रश्नांशी संबंधित नसतील, तर अनुयायी लाखभर असले तरी त्याला सोडून द्यावे. अगदी मोजक्या, चार-पाच जणांच्या प्रोफाइलवरील घंटेचे चिन्ह दाबून त्यांच्या सर्व पोस्टची सूचना मागवावी.

नियम-मानकांसारख्या विषयांत तारखेला महत्त्व असल्यामुळे सेटिंग्जमध्ये फीडचा क्रम ‘सर्वांत अलीकडील’ असा करून पाहावा. उपयोगी पोस्ट जतन करावी आणि शनिवारी जतन केलेल्या पोस्टची यादी उघडून प्रत्येक नियमाची मूळ अधिसूचना संबंधित केंद्रीय मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासावी; कारण मसुदा आणि अंतिम अधिसूचना यांची गल्लत जाणकारांच्या पोस्टमध्येही होते, आणि मसुद्यातली तारीख धरून मागवलेला माल पुढे गोदामात पडून राहतो.