एकच सीरम एचआयव्हीच्या सगळ्या सबटाइपना अडवतंय? नाचायच्या आधी या चुका टाळा

न्यूट्रलायझेशनचा, म्हणजे रक्तातली अँटीबॉडी एचआयव्हीला पेशीत शिरण्यापासून किती अडवते याचा, डेटा तपासणं हे माझं रोजचं काम, आणि दर काही महिन्यांनी कोणीतरी नवीन उड्या मारत येतं की मॅडम, एक सॅम्पल बी, सी, एई सगळ्या सबटाइपना अडवतंय. माझा पहिला प्रश्न ठरलेला, पेशंट एचआयव्हीच्या गोळ्या घेतो का?

एकदा असाच एक प्लाझ्मा आला. बारा व्हायरसचं पॅनल, बाराच्या बारा अडले, टायटरही (किती पातळ केलं तरी अडवतं तो आकडा) सगळीकडे जवळपास सारखाच. तिथेच खटकायला हवं होतं, कारण खरी अँटीबॉडी एवढी समदर्शी नसते, एका व्हायरसवर तुटून पडते आणि दुसऱ्याकडे ढुंकून बघत नाही. पण ॲबस्ट्रॅक्टची तारीख डोक्यावर, एमएलव्ही कंट्रोल (आत एचआयव्हीच, पण आवरण उंदराच्या एमएलव्ही व्हायरसचं) "नंतर लावू" म्हणून राहिलेला. शेवटी लावला तर तोही अडला! आता उंदराच्या व्हायरसच्या आवरणाला एचआयव्हीची अँटीबॉडी कशाला धरेल? झालं असं होतं की प्लाझ्मातल्या औषधाने टीझेडएम-बीएल या चाचणीच्या पेशीत शिरलेल्या व्हायरसचं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे एन्झाइम बंद पाडलं, संसर्ग झाला की उजेड देणारं ल्युसिफरेज पेटलंच नाही आणि श्रेय मात्र अँटीबॉडीला. तीन आठवडे पाण्यात. तेव्हापासून गोळ्या चालू असलेलं सॅम्पल आलं की आधी आयजीजी (म्हणजे अँटीबॉडी) वेगळं काढा, मगच प्लेटला हात. (आणि प्रोटीन ए चा कॉलम आयजीजी३ सोडून देतो, प्रोटीन जी घ्या.)

दुसरं दुखणं लेबलचं. ड्रग रेझिस्टन्ससाठी पोल जीन (व्हायरसच्या एन्झाइमांचा) वाचलेला असतो, तिथला "सबटाइप ए" उचलून सरळ अँटीबॉडीच्या टेबलात टाकतात. अरे पण अँटीबॉडी एन्व्हला, म्हणजे व्हायरसच्या आवरणाला, धरते ना, पोलशी तिचा काय संबंध! सीआरएफ०१_एई हा मिश्र प्रकार घ्या, पोल ए चा आणि एन्व्ह ई चा, आणि त्या एन्व्हवर ३३२ व्या जागेची साखर बहुतेक वेळा नसतेच, त्यामुळे पीजीटी१२१ किंवा १०-१०७४ या अँटीबॉडी तिथे आपटतात आणि पोरं आठवडाभर अँटीबॉडी खराब झाली का ते शोधत बसतात. मी एन्व्ह पूर्ण वाचून घेते, तुकडे पाडून प्रत्येकाचं वेगळं झाड (वंशवृक्ष) काढते आणि १६०, २९५, ३३२ या जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघते. हे नंबर एचएक्सबी२ या संदर्भ सीक्वेन्सचे आहेत हं, आपल्या सीक्वेन्समध्ये बोटं मोजत ३३२ वर जाऊ नका. सॉफ्टवेअरने लेबल दिलं की काम संपलं असं वाटणाऱ्यांना काय सांगणार.

बाकी किरकोळ. सबटाइप म्हणजे सीरोटाइप (अँटीबॉडीवरून पडणारा प्रकार) नव्हे, सी चा एकच व्हायरस लावून "सी वर चालत नाही" असं लिहू नका. एसएफ१६२ हा व्हायरस अडला याचं कौतुक नको, तो टियर १, म्हणजे सहज अडणारा, कोणालाही अडतो. २जी१२ ही अँटीबॉडी सी वर पडली तर घाबरू नका, सी मध्ये २९५ ची साखर सहसा नसतेच. सीरम ५६ अंशांवर तापवायला विसरू नका. २० च्या खालचे टायटर सरासरीतून गाळू नका, मी १० धरते आणि तसं लिहिते. आणि प्लेटच्या कडेच्या वेल सुकतात, मी तिथे नुसतं मीडियम भरते, जागा वाया जाते म्हणून ओरडणारे ओरडोत.