रेड १ लावावं का रेड ५? तालुक्याच्या दुकानापुरतं सांगतो

भाऊ, लग्नाचे व्हिडिओ असो नाईतर सेतू केंद्राचे स्कॅन, लोकांचा माल आपल्या डिस्कवर आहे तर रेड (म्हणजे दोन-चार डिस्क एकत्र जोडून चालवायची पद्धत) लावलंच पायजे, पण कोणतं लावायचं हे जागा पाहून नाई, आपल्या गावची लाइन पाहून ठरवा.

रेड ० चं नावच काढू नका, त्यात माल तुकडे करून सगळ्या डिस्कवर वाटल्या जाते, एक डिस्क गेली की सगळंच गेलं. रेड १ म्हणजे दोन डिस्क अन् दोन्हीवर तोच माल, ४ टीबीच्या दोन घेतल्या तरी जागा ४ टीबीच भेटते. इथंच लोकं म्हणतात, तीन घेऊन रेड ५ करू, ८ टीबी भेटते. हिशोब बरोबर आहे, पण रेड ५ मध्ये डेटासोबत पॅरिटी (म्हणजे मेलेल्या डिस्कचा माल परत काढायचा हिशोब) लिहावी लागते, अन् लिहिता लिहिता लाइन गेली तर दोघांचा मेळ तुटतो, तेव्हा काहीच कळत नाई, पुढं एखादी डिस्क मेली अन् त्या पॅरिटीवरून भरायला घेतलं की फाइली खराब निघतात. अन् हरभऱ्याच्या ओलिताला मोटरा सुरू झाल्या की आपल्याकडं व्होल्टेज कसं नाचते ते तुम्हाले माहीत आहे. शिवाय रीबिल्डमध्ये (म्हणजे मेलेल्या डिस्कच्या जागी नवी लावून माल परत भरताना) उरलेल्या सगळ्या डिस्क पूर्ण वाचाव्या लागतात, ४ टीबीला आठ-दहा तास सहज, त्यात दुसरी गेली की संपलं. रेड ६ दोन डिस्क गेल्या तरी तगते, पण कमीत कमी ४ डिस्क लागतात.

म्हणून लहान कामाला माझं मत रेड १. जागा पुरत नसन तर ४ डिस्कचं रेड १० (दोन-दोन डिस्कच्या जोड्या, जोडीतल्या दोन्हीवर तोच माल), त्यात रीबिल्ड म्हणजे फक्त जोडीतल्या डिस्कची कॉपी.

दोन्ही डिस्क एकाच लॉटच्या घेऊ नका, अन् सीएमआरच (पट्टे वेगवेगळे लिहिणारी डिस्क) मागा, एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) रीबिल्डमध्ये लय रखडते. यूपीएसची यूएसबी वायर मशीनला जोडून सेटिंग करा, म्हणजे बॅटरी उतरायच्या आत मशीन नीट बंद होते. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडं बाहेरच ४५ डिग्री असते, बंद कपाटात मशीन ठेवू नका.

अन् रेड म्हणजे बॅकअप नाई. फोल्डर चुकून डिलीट झालं की दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी जाते. तिसरी डिस्क घ्या, आठवड्यातून एकदा कॉपी करा अन् दुकानात नाई, घरी ठेवा.

लावतानाच प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर ट्रेवर चिकटवा, नाईतर घाईत चांगलीच डिस्क उपसल्या जाते. लिनक्सवर एमडीअ‍ॅडम (रेड सांभाळणारा प्रोग्राम) वापरत असाल तर स्टेटसमध्ये दोन यू (इंग्रजी U) दिसले म्हणजे ठीक, एका यूच्या जागी खाली रेघ दिसली तर त्याच दिवशी नवी डिस्क आणा.