घरातला निरोप कसा घ्यावा

घरातून कोणी जाणार असले की तो क्षण चुकवण्याकडे किंवा घाईने उरकण्याकडे आपला कल असतो. त्यामागे माया असते यात शंका नाही. परंतु न घेतलेला निरोप पुढे अनेक वर्षे सलत राहतो. म्हणून निरोपाची थोडी तयारी करावी आणि तो स्पष्ट शब्दांत घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

मूल शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घर सोडते, तेव्हा शेवटचे दिवस बांधाबांधीत जातात आणि मनातले बोलणे दारातल्या गडबडीवर ढकलले जाते. ते निदान आठवडाभर आधी, निवांतपणे बोलून घ्यावे. फोन कधी आणि किती वेळा करायचा हे मुलाला ठरवू द्यावे आणि त्याच्या खोलीत काही बदल करायचा असल्यास आधी त्याला विचारावे. डोळ्यांत पाणी आले तर ते लपवण्याचे कारण नाही. मात्र ‘तुझ्यावाचून आमचे कसे होणार’ हे वाक्य टाळावे, कारण त्यामुळे आईवडिलांना सावरण्याचा भार जाणाऱ्या मुलावर पडतो. मागे राहणाऱ्या धाकट्या भावंडाकडे या धांदलीत हमखास दुर्लक्ष होते. त्याच्यासाठी वेगळा वेळ काढावा.

अगदी लहान बाळाची नजर चुकवून घराबाहेर पडू नये. साधारण आठव्या महिन्याच्या सुमारास दुराव्याची भीती जाणवू लागते आणि जवळचे माणूस न सांगता नाहीसे होते असा अनुभव आला की बाळ अधिकच चिकटून राहते. सांगावे, जवळ घ्यावे आणि निघावे. हे जितके थोडक्यात होईल तितके बरे.

सर्वांत अवघड निरोप असतो तो पाळीव प्राण्याचा, कारण तिथे वेळ ठरवण्याची जबाबदारी अनेकदा आपल्यावरच येते. प्राणी असाध्य आजारी असल्यास दिनदर्शिकेवर रोज एक खूण करावी: आज तो जेवला का, स्वतः उठला का, हाक मारल्यावर त्याने प्रतिसाद दिला का, वेदनेने कण्हला का. वाईट दिवस चांगल्या दिवसांहून सातत्याने जास्त होऊ लागले की पशुवैद्यांशी दयामरणाविषयी मोकळेपणाने बोलावे. ‘हा प्राणी तुमचा असता तर तुम्ही काय केले असते?’ असे त्यांना थेट विचारण्यास संकोच करू नये. शुल्क, मृतदेहाची व्यवस्था आणि हे घरी होऊ शकेल का, या गोष्टी आदल्या दिवशीच ठरवाव्यात, म्हणजे त्या वेळी लक्ष केवळ प्राण्याकडे राहील.

तेव्हा काय घडते हेही आधीच माहीत असावे. बहुधा प्रथम गुंगीचे औषध देतात, नंतर भुलीच्या औषधाची खूप मोठी मात्रा शिरेतून देतात; त्यासाठी पेंटोबार्बिटल हे औषध सर्रास वापरले जाते. काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि सहसा काही मिनिटांत हृदय थांबते. डोळे उघडे राहू शकतात, स्नायू थरथरू शकतात, एखादा खोल श्वास आल्यासारखा वाटतो किंवा लघवी होते. या वेदनेच्या खुणा नव्हेत. हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या मनात मात्र तेच दृश्य रुतून बसते. जवळ थांबणे शक्य असेल तर थांबावे आणि परिचित आवाजात बोलत राहावे. ज्यांना ते झेपणार नाही त्यांनी आधीच निरोप घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

मुलांना सांगताना ‘मेला’ हाच शब्द वापरावा. ‘त्याला झोपवले’ म्हटले तर मूल स्वतःच्या झोपेला घाबरू शकते. ‘देवाघरी गेला’ म्हटले तर तो परत कधी येणार असे विचारते. आणि ‘गावी पाठवला’ ही थाप तर कधीच मारू नये. पाच वर्षांखालील मुलांना मरण हे बहुधा परत फिरता येण्याजोगे वाटते. मेलेला परत येत नाही आणि त्याचे शरीर पूर्ण थांबते, ही समज साधारणपणे पाच ते सात या वयात हळूहळू येते. त्यामुळे तोच प्रश्न दहादा आला तरी तेच उत्तर शांतपणे द्यावे.

‘एका प्राण्यासाठी एवढे रडायचे?’ असे बोलणारे भेटतात. समाज ज्या शोकाला शोकच मानत नाही, त्याविषयी केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८० च्या दशकात सविस्तर लिहिले आणि प्राण्याचा वियोग त्याचे ठळक उदाहरण ठरला आहे. शोकाच्या पाच पायऱ्यांनी (नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार) स्वतःला मोजण्याचीही गरज नाही; मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्या मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संवादांतून. मागे राहिलेल्यांचे दुःख असे क्रमाने चालत नाही.

पट्टा, भांडे, अंथरूण त्याच दिवशी उचलून टाकू नये. घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, त्यातले काय ठेवायचे ते विचारावे. घरात दुसरा प्राणी असल्यास तो काही दिवस सोबत्याला शोधत फिरू शकतो. त्याच्या जेवणाच्या व फिरण्याच्या वेळा तशाच ठेवाव्यात आणि त्याने दोन दिवस अन्न टाकले, तर वाट न पाहता त्याला पशुवैद्यांना दाखवावे.